न दुमडलेला कोपरा

मंगळवार, १९ जानेवारी १९८८. मु. वळ, ता. भिवंडी.

उद्या बाबांचं बारावं. आईला भिंतीवर लावायला फोटो हवाय, आणि माझ्याकडे तो नाही. भिवंडीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याच्या घरात बापाचा एक धड फोटो नाही!

कधी बसायचेच नाहीत कॅमेऱ्यासमोर. मी राजस्थानच्या फोटोग्राफी शिबिराला निघालो, त्या सकाळी मात्र स्वतःहून ओट्यावर बसले. "काड एकदाचा," म्हणाले. अख्खा रोल काढला. वापरलेल्या रोलचं टोक मी बाहेरच ठेवतो, धुताना सोपं जातं. ओळखायला म्हणून त्याचा कोपरा दुमडतो. त्या दिवशी गाडीच्या घाईत दुमडला नाही. तिकडे पिशवीतून तोच रोल काढला आणि नवा समजून पुन्हा भरला. एक कोपरा दुमडायला असा किती वेळ लागतो?

बाबा गेल्याची तार तिथेच मिळाली.

आज रोल धुतला. ओटा आणि वाळवंट, एकावर एक उमटलंय. उजळ वाळूनं बाबांना पुरतं गिळलंय. एका फोटोत मात्र, डोंगराच्या काळ्या सावलीत, त्यांचे डोळे आणि मिशी तेवढी दिसते.

आईनं विचारलं, "दुसरा न्हाय का रं?" काय सांगू तिला? त्या कोपऱ्याचं सांगू?

शिबिरातले सर सारखे बजावायचे, निसर्गाच्या फोटोत माणूस नको. त्या डोंगराच्या सावलीत एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. तो उठून जावा म्हणून मी तासभर थांबलो होतो.