बाबांच्या किल्ल्यातला हिवाळा

६ जानेवारी

बाबांनी आजही ताट सरकवलं. "कोठीत धान्य कमी आहे. लेकराईले द्या."

कोणती कोठी! सौंसरच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला त्यांनी. अमेरिकेत वस्ती करायला गेलेले सुरुवातीचे इंग्रज, जेम्सटाउनच्या किल्ल्यातला तो उपाशी हिवाळा — त्यांचा आवडता विषय. लोकांनी उंदीर खाल्ले, चामड्याचे जोडे उकळून खाल्ले. शेकडो होते, साठेक उरले. हा विसरायचा आजार लागला आणि बाबांचं एकेक गळत गेलं. आई गेली, तेही विसरले. मी त्यांची पल्लवी, तेही. तो हिवाळा तेवढा राहिला — आता त्यातच राहून राहिले!

८ जानेवारी

दोन घोट दूध. बस.

९ जानेवारी

प्रतीकचा पुण्याहून फोन. "ताई, जबरदस्तीनं भरव ना." सोपं आहे रे भाऊ, फोनवर!

भरवलं. थुंकले. माझा हात धरून म्हणाले, "बाई, पाप लागीन. बाहेर माणसं मरून राहिले."

मनगट केवढंसं झालंय त्यांचं. मी ओट्यापाशी जाऊन रडले.

११ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस पाहू. नाहीतर नाकातून नळी टाकावी लागेल."

संध्याकाळी मी सरळ खोटं बोलले — "सर, जहाज आलं! धान्य आलं!" बाबा हसले. किती दिवसांनी! म्हणाले, "जहाज मे महिन्यात येते, बाई. आता जानेवारी चालू आहे."

घ्या! इतिहासात त्यांना कोण फसवणार? भाताचं ताट तसंच उचलून नेलं मी.

१२ जानेवारी

चादर बदलायला गेले तर उशीखाली पोळीचे तुकडे. वाळून कडक. संत्र्याच्या दोन फोडी, सुकलेल्या. माझा तोल गेला. ओरडले — हो, ओरडले बाबांवर. "खायचं नाही तर लपवता कशाला?"

ते भेदरले. तुकडे छातीशी धरले. "हे नका नेऊ, बाई. माही पल्लवी शाळेतून येईन. भुकेली असन पोरगी."

उशी होती तशी ठेवली.

१३ जानेवारी

दुपारी मी मागच्या दारानं निघाले. घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले.

"बाबा, आली मी."

"आली? बस." पोळीचा तुकडा हातावर ठेवला. मी खाल्ला, पुरा. ते पाहत राहिले.

मग त्यांनी आपलं ताट जवळ ओढलं.