चंद्रमौळी थिएटर कोणी बुडवलं?

साखर पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष, सन १९३४

तीर्थरूप शंकरप्पा अण्णा यांस, आपल्या बहिणीचा नवरा (अजून तरी) बसलिंगप्पा याचे शरणार्थ. मंद्रुपास सर्वांची प्रकृती ठीक असावी. आपल्या गुडघ्याला आणि म्हशीच्या खुराला उतार पडला असेल. (दोघांची चौकशी एकाच वाक्यात केली, राग नसावा. कागद लहान आहे.) काशम्मा आपल्याकडे येऊन सव्वा महिना झाला. ती परत कधी येणार हे विचारायला हे पत्र मुळीच लिहिलेलं नाही. आमचं चंद्रमौळी थिएटर परवा कायमचं बंद झालं आणि ते मी बुडवलं, असं ती तिकडे सांगते म्हणे. म्हणून खरा इतिहास कळवतो.

आठ वर्षांपूर्वी मालकांनी कापसाची वखार रिकामी करून तिच्यात पडदा टांगला, तेव्हापासून मी तिथे वाचणारा. मुक्या सिनेमात माणसं नुसती तोंड हलवतात आणि मग पडद्यावर पाटी येते. ती खणखणीत आवाजात वाचायची, एवढं माझं काम. (आपण याला बोंबलण्याची नोकरी म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही.) पडदा वखारीच्या मधोमध, पुढे पुरुष, मागे बायका. खेळाआधी घागरी ओतून पडदा भिजवायचा, म्हणजे चित्र आरपार दिसे. आता उन्हाळ्यात सोलापुरात माणसांना पाणी नाही, तिथे पडद्याला कुठलं? अर्ध्या खेळात पडदा वाळे, मागच्या बाजूची नायिका विरून जाई आणि बायका तिकडून असा काही उद्धार करीत की मालक स्वतःचं पिण्याचं मडकं घेऊन धावत सुटत. शिवाय मागून बघायचं म्हणजे सगळं उजव्याचं डावं. सिनेमातली माणसं डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने अक्षता टाकतात, हे बघून पेठेतल्या बायकांचं ठाम मत झालं होतं की चांगल्या घरची माणसं सिनेमात जात नाहीत. (पुढून बघणाऱ्या पुरुषांचंही मत तेच होतं, कारणं वेगळी.)

काशम्मा पहिल्या खेळापासून मागे बसायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आपणच पाठवलं नाहीत. एके दिवशी माझा घसा बसला. पाटी आली, मी नुसताच खाकरलो, आणि पडद्यामागून माझ्या बायकोचा आवाज आला. अख्खी पाटी, न अडखळता! इतकी वर्षं इकडे मी वाचत होतो आणि तिकडे ती माझा आवाज ऐकत अक्षरं जुळवत होती. मला एवढा अभिमान वाटला की घसा आणखी आठवडाभर मी बसलेलाच ठेवला. तेव्हापासून मागच्या बाजूची वाचणारी काशम्मा. घरी मात्र वर्तमानपत्र हातात दिलं की म्हणायची, "समदं उलटं छापलंय की हो." मी म्हणायचो, कंटाळ्याला काय, कुठलंही निमित्त चालतं.

यंदा बोलपट आला. पडद्यामागे आता आवाजाचा भोंगा ठेवायचा, म्हणून पडदा पार भिंतीपाशी नेला, बायकांना पुढे आणून बसवलं आणि मला घरी बसवलं. (बोलणाऱ्या सिनेमाला वाचणारा कशाला?) पहिल्या दुपारी मी तिकीट काढून गेलो. नावांची पाटी आली तशी शेजारच्या शरणम्माने काशम्माला कोपराने ढोसलं, "वाच की गं!" ऐंशी बायका तिच्याकडे बघताहेत आणि तिच्या तोंडून अक्षर फुटेना. फुटणार कसं? आठ वर्षं ती अक्षरं उलट्या बाजूनं शिकली होती; सुलटी तिला येतच नव्हती. मान वाकडी करून बघते, डोळे बारीक करते, पदर चावते. तेवढ्यात कुणीतरी मोठ्याने हसलं. गर्दीत कोण ते कळलं नाही. काशम्मा उठली, तिच्यामागे सगळ्या बायका उठल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मग त्यांनी आपापल्या नवऱ्यांनाही तिकडे फिरकू दिलं नाही. महिन्याभरात भोंगा परत गेला आणि आता वखारीत पुन्हा कापूस आहे. यात माझा दोष कुठे, ते आपणच सांगावं.

आपला,
बसलिंगप्पा

ता. क. हसलो मीच. घरातल्या त्या 'उलटं छापलंय'चा तिथे एकदम उलगडा झाला आणि हसू फुटलं. तिला हसलो नाही हो. म्हणजे, तिलाच हसलो. त्या दिवसापासून घर खायला उठतं आणि भाकरी मला थापता येत नाही. यातलं पहिलं कारण मोठं आहे.

दुसरा ता. क. कागद मुद्दाम पातळ घेतला आहे आणि पाठ कोरी ठेवली आहे. आपलं वाचून झालं की हा अंगणात उन्हाकडे धरून पाठीमागच्या बाजूने काशम्माला दाखवावा. पुढची ओळ तिची आहे.

काशम्मा, चुकलो. मंगळवारी मंद्रुपाच्या मोटारीने येतो. सुलटं मी शिकवीन, उलटं तू मला शिकव. येशील?

अण्णा, ती हे मोठ्याने वाचेल, तिला सवय आहे. तेव्हा आपण हसू नये. अनुभवाने सांगतो.