नाक दाराकडे

प्रिय ट्रोल्स,

तू कुठल्या जहाजावर आहेस ठाऊक नाही, म्हणून हे पत्र रॉटरडॅमच्या आपल्या डॅनिश खलाशी चर्चकडे पाठवतेय. आपला माणूस कॉफीच्या वासाने कधीतरी तिथे येणारच.

इथे हल बंदरात आपल्या चर्चचं छत गळतंय. चौदा तारखेला दुरुस्तीवाले येतील, त्याआधी तुझ्या बाबांनी बनवलेलं ते छताला टांगलेलं छोटं लाकडी जहाज उतरवायचं आहे. काल बोडिल मावशी म्हणाली, "इंगेलिसे, नऊ वर्षांची धूळ आहे गं त्यावर." मी हो म्हटलं. हल्ली सगळ्यालाच हो म्हणते. काही वाटतच नाही बघ.

चर्चमधल्या जहाजाचं तोंड नेहमी वेदीकडे असतं, हे तुला काय सांगायचं! पण "पुन्हा तोंड दाखवू नकोस" हे बाबांचं ऐकून तू निघून गेलास, आणि पुढच्याच रविवारी आम्ही प्रार्थनेला बसतो तर जहाज उलटं. शेपूट देवाकडे, नाक दाराकडे! तेव्हाचे पास्टर भडकले. बोडिल मावशी तर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे थोर्किल, देवाशी भांडलास की काय?" बाबा म्हणाले, "चूक झाली. पुन्हा शिडी लावेन तेव्हा बघू." नऊ वर्षं ती शिडी काही लागली नाही. घरी मला एवढंच म्हणाले, "पोरगं दारातून गेलं. त्याला आणायला जायचं तर दारातूनच जावं लागणार ना?" मग पत्र लिहा की, म्हटलं, तर सुरी घेऊन हेरिंग मासे साफ करत बसले. हट्टी माणूस. तूही त्यातलाच.

नवे पास्टर भले आहेत. उतरवतोच आहोत तर परत टांगताना सरळ करू, म्हणाले. मी त्यालाही हो म्हटलं. घरी येऊन दोन कप कॉफी ओतली. एक तसाच गार झाला.

ट्रोल्स, बाबा गेले. तीन आठवडे झाले, झोपेतच गेले. पेटी त्या जहाजाखालूनच दाराबाहेर नेली, तेव्हाही मला रडू आलं नाही. आज सकाळी मात्र पास्टरांकडे जाऊन पहिल्यांदा नाही म्हटलं. जहाज उतरवा, पण माझा मुलगा आल्याशिवाय परत टांगायचं नाही. छताचं काम महिनाभर चालेल. तेवढ्यात ये. शिडी मी धरते. नाक कुणीकडे करायचं ते तू ठरव.

तुझीच,
आई