तुमचा पितळी रेग्युलेटर मी घेणार नाही

अण्णा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि लोक म्हणतात तसा राग हळूहळू निवत वगैरे काही नाही. आज दुपारी तर तो डोक्यातच गेला. म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही असतात तर मार्व्याच्या जेट्टीवर उभं राहून चार लोकांसमोर भांडलो असतो. तेवढीही सोय तुम्ही ठेवली नाहीत!

आज शैला आली होती. बोरिवलीला, आमच्या घरी, पहिल्यांदाच. माझ्या आईसमोर खुर्चीत ताठ बसली आणि तुमच्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडलं तर पाण्याखाली श्वास घ्यायचा तुमचा तो पितळी रेग्युलेटर.

"विलास, आता हा तू वापरायचा," ती म्हणाली. "आई म्हणते, तू दोर उशिरा ओढलास म्हणून बाबा गेले. मी तिच्याशी भांडले. पण तू बाबांची वस्तू घेऊन पाण्यात उतरलास ना, की ती मानेल. मग आपल्या लग्नाचंही तिच्याशी बोलता येईल. आणि तो तुझा प्लॅस्टिकचा खेळ दे टाकून."

आणि पुढे म्हणते कशी, "तेल घालून आणलाय. दर रविवारी घालते तसंच."

अण्णा, 'तेल' ऐकलं आणि मी पंचा परत त्यावर ओढला. ती किती प्रेमाने सांगत होती! मी "रविवारी सांगतो" म्हटलं. तिचा चेहरा पडला. सांगायचं काय असतं, हो तर म्हणायचं होतं, असं तिच्या डोळ्यांत होतं. ती उठली, चहा तसाच राहिला.

आता स्पष्टच सांगतो. तुमच्याकडे मी पाणबुड्या व्हायला आलोच नव्हतो. मनोरीला मित्रांबरोबर गेलो होतो, तिथे शैला तुमचा डबा घेऊन फेरीबोटीतून उतरली आणि माझी वाट लागली. तिच्या मागे दहिसरला तुमच्या चाळीपर्यंत आलो. तुम्ही दारातच हटकलंत, "काय रे, कोण होयो?" तोंडातून निघून गेलं, "काम शिकायचंय." बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू होतं माझं. त्यानंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. हे सगळं तुमच्या मुलीसाठी, आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नव्हतं?

म्हणूनच छळलंत ना मला? ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं की कोळी तुम्हाला बोलवायचे. खाडीचं पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही, आणि माझ्या तोंडात तुमचं ते धूड! सिलिंडरवर बसणारा भाग लोट्याएवढा, तोंडातला भाग वाटीएवढा, सगळं पितळ. वर आलो की जबडा असा दुखायचा की भाकरी चावता यायची नाही. मी तक्रार केली की सगळ्या होडीला ऐकू जाईल असं म्हणायचात, "कॉलेजवाल्याचा थोबाड नाजूक आसा रे!"

बरं, नुसतं दुखतं म्हणून मी हलका शोधला नाही. नीट बघून घेतला, तुम्ही कधी बघितलाच नाहीत तसा. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये परदेशी बोटींवरून उतरलेलं सामान येतं. चार-पाच रेग्युलेटर पडले होते. सगळ्यात हलका उचलला आणि तो चांगला निघाला, असं नाही झालं. सगळ्यात हलक्याची नळी तोंडापाशी तडकलेली होती. सोडून दिला. दुसरा घेतला, सिलिंडर बंद ठेवून तोंडात धरून ओढला, तर हवा येत होती. म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला, पाण्यात तिथूनच पाणी आलं असतं. तोही नको. जो घेतला त्याचा तोंडातला भाग प्लॅस्टिकचा, दातात धरलाय हे विसरायला होतं. सिलिंडर भरलेला असताना श्वास घेऊन बघितला, मग हवा सोडून सोडून सिलिंडर संपत आणला आणि पुन्हा बघितला. तेवढाच सहज! तुमचा पितळी मात्र, सिलिंडर अर्धा झाला की, उसाच्या चरकासारखा ओढावा लागायचा.

तुम्हाला दाखवायला केवढ्या हौसेने आणला होता. तुम्ही हातात घेऊन झेलत बसलात. "ह्या खेळण्यार जीव टाकतलंस? हलक्या वस्तूक भरवसो नसता रे. माका बघ, पितळ. वजन आसा तर इमान आसा."

"अण्णा, वजनाचा आणि भरवशाचा काय संबंध?" मी म्हटलं. "तुमच्या ह्याचा श्वास किती जड येतो बघा तरी. थंडी पडल्यापासून जास्तच."

"जड श्वास बरो. छाती कामाक लागता."

शैला दारात बसून तुमच्या त्या पितळी देवाची पूजा करत होती. तो खोलून, निळ्या बाटलीतलं खोबरेल कापसाच्या बोळ्याने आतल्या दांड्याला, स्प्रिंगला लावत होती. मी म्हटलं, याला खोबरेल चालत नाही, वर्कशॉपवाले वेगळं ग्रीस लावतात. तुम्ही ताडकन म्हणालात, "खोबरेल कित्याक चलाचा नाय? केसाक चलता, बिजागरीक चलता, ह्येका काय धाड भरली?" आणि शैला खुदकन हसली. तिला हसताना बघितलं की माझं डोकं चालत नाही. मी पण हसलो. विषय संपला.

जानेवारीतली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल, नाहीतर कुणाला आठवणार? तुम्ही ट्रॉलरखाली, मी होडीत दोर धरून. तुमचा नियम, तुम्ही दोराला झटका दिल्याशिवाय मी ओढायचं नाही. पूर्वी एकदा मी घाबरून ओढलं होतं तेव्हा सगळ्यांसमोर कानाखाली दिली होतीत. बुडबुडे विरळ झाले. मी दोर धरून झटक्याची वाट बघितली. थोडाच वेळ! मग नियम गेला खड्ड्यात म्हणून ओढलं, तर दोर जाळ्यात अडकलेला. कोळ्यांनी उड्या टाकल्या. तुम्हाला वर आणलं तेव्हा रेग्युलेटर अजून दातात घट्ट होता. झटका का नाही दिलात, अण्णा? श्वास येत नाही हे कबूल करायची लाज वाटली? माझ्यासमोर?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो रेग्युलेटर खोलला. पाण्याखाली हवा सिलिंडरमधून सुटते तेव्हा सिलिंडरवर बसणारा भाग बर्फासारखा गार पडतो, हे मीच तुम्हाला हात लावून दाखवलं होतं. आत दांड्याभोवती, स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात, पांढरं गोठलेलं खोबरेल. त्यात खाडीचा गाळ बसलेला. थंडीत बाटलीत गोठतं तसंच. दांडा बोटाने ढकलून हलत नव्हता. घासून साफ केला, जोडला, तुमच्या घरी नेऊन दिला. कुणाला एक शब्द बोललो नाही.

का बोललो नाही? बोललो असतो तर शैलाच्या आईच्या, काकूंच्या नजरेतल्या आरोपातून मी सुटलो असतो. आज शैलालाही एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते तेल कुणाच्या हातचं होतं? ती बाटली तिच्या हातात कुणी दिली? लहान होती तेव्हापासून तिला वाटतंय की ती बापाचा श्वास सांभाळतेय. तिला मी काय सांगू, अण्णा? सांगा ना! एरवी तर सगळ्याची उत्तरं तयार असायची!

आणि तो रेग्युलेटर घेऊन पाण्यातही मी उतरणार नाही. जीव द्यायची हौस नाही मला. शैलाबरोबर जगायचंय म्हणून तर एवढा आटापिटा चाललाय. गुपचूप साफ करून वापरला असता, पण ती दर रविवारी येऊन तेल घालणार. मी हसत हसत तिच्या हातून घेणार. जन्मभर. नाही जमणार.

तर ठरलं. माझ्याबरोबर पाण्यात तो हलकाच येणार. रविवारी दहिसरला येतो आणि काकूंसमोर सांगतो की पितळी रेग्युलेटरची स्प्रिंग गेलेली होती. मी अण्णांना सांगितलं होतं, अण्णांनी ऐकलं नाही. हट्टाने गेले. तेलाचं नाव काढणार नाही. सगळा दोष तुमचा, आणि मला त्याचं यत्किंचितही वाईट वाटत नाही, कारण तो तुमचाच आहे. शैला चिडेल. मेलेल्या बापाला नावं ठेवतो म्हणून कदाचित दारातून हाकलेल. लग्नाचं तर राहूच दे, पुन्हा तोंड बघणार नाही असंही म्हणेल. म्हणू दे. मी दुसऱ्या दिवशी परत येईन. तिसऱ्या दिवशीही येईन.

पण तुमच्यावर ती चिडली तर चिडू दे, अण्णा. तुम्ही सोसा. स्वतःच्या हातांकडे तिला कधी वाईट नजरेने बघू देणार नाही, हा माझा शब्द.

तुम्ही जावई मानलं नाहीत तो,
विलास