तुरीच्या पाट्यांवरची खोली

३ जानेवारी, शुक्रवार
नवं वर्ष, नवी वही. आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. सोजराबाईची कंबर तशीच. बसून प्रवास होत न्हाई, आडवं पडलं की बरं वाटतं. म्हैस ठीक. विजयश्री चेन्नईत, फोनवर लेकीचा आवाज खणखणीत. नात मंजुश्रीला दोन दात, तिसरा वाटेवर. मी ठणठणीत, गुडघे सोडून. पिकअपची तब्येत मात्र नाजूक.

कारण तिच्या हौद्यावर मी पत्र्याची खोली बसवलीय. आत खाट, शेगडी, खिडकीला पडदा. बावीस तारखेला नातीचा पहिला वाढदिवस. सोजराबाईला आडवं झोपवून थेट चेन्नईला न्यायचं, समुद्रपण दाखवायचा. ती म्हणाली, गुलबर्ग्याहून रेल्वेनं जाऊ की सरळ, कामून एवढा कुटाणा करायलाव? तिला कॅम्पर म्हणजे काय ते कळत न्हाई. मी मोबाईलवर सगळं शिकलोय.

४ जानेवारी, संध्याकाळी
बीदरपर्यंत ट्रायल. खोलीच्या वजनानं गाडी मागून बसली, तोंड वर. हेडलाईट रस्ता सोडून लिंबाच्या शेंड्यावर. समोरचा ट्रॅक्टरवाला काहीतरी ओरडला. कन्नडमध्ये ओरडला म्हणून मनावर घेतलं न्हाई. (कन्नड मला चांगलं येतं.)
निदान: वजन पेलणारे चाकावरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे कमी पडायलेत. जास्तीचे टाकायचे.

७ जानेवारी, मंगळवार
बीदरजवळ कोळारला पिराजी मिस्त्रीकडं गेलो. खोली घरीच उतरवून ठेवली. गॅरेजात आमच्या जनवाड्याचे चार लोक असतातच; म्हातारा बायकोला पत्र्याच्या डब्यात घालून फिरवायलाय, हे गावभर कशाला?
पिराजीनं विचारलं, अप्पा, काय भरणार? तोंडातून निघालं, तूर. हंगामच तुरीचा, त्याला काही वाटलं न्हाई. म्हणाला, मग दोन्ही बाजूंनी जास्तीचे पाटे टाकतो, गाडी वाकायची न्हाई. मी म्हटलं, आणखी एकेक टाक. कमीपणा नको.

९ जानेवारी, गुरुवार
काम झालं. गाडी मागून अशी उठलीय, जशी शेपूट वर केलेली शेळी. हेडलाईट आता अगदी टायरापुढं पडतो. खड्डा जवळून दिसेल. चांगलंच.

१२ जानेवारी, रविवार
खोली चढवली, सोजराबाईला खाटेवर झोपवून गावाबाहेर चक्कर मारली. गाडी रिकाम्या डब्यासारखी उडायली. थांबून विचारलं, कसं वाटायलंय? म्हणाली, आधी खाली उतरवा, मग सांगते. उतरल्यावर सांगितलं. इथं लिहीत न्हाई.
घरी कंबरेला शेक. भाकरी मी केल्या. चांगल्या झाल्या. म्हशीनं एकपण ठेवली न्हाई.

१५ जानेवारी, बुधवार
पिराजीला फोन. गाडी उडायलीय म्हटलं. त्यानं विचारलं, तूर किती भरलाव? म्हटलं, अजून न्हाई. मग हसला. पाटे तुरीच्या वजनाचे हायेत अप्पा, तूर भरा, पाळण्यावानी चालतीय बघा.
आता खोलीचं सांगणं बरं दिसलं नसतं. आणि तूर घरात पडलेलीच आहे.

१८ जानेवारी, शनिवार
पोती भरली. गाडी खरंच पाळणा. पण पोत्यांवर खाट ठेवली तर झोपणाऱ्याचं नाक छताला. खाट काढली, गादी टाकली. सोजराबाई चढून पडली आणि म्हणाली, आता वरून झाकण लावा, मुरते लोणच्यासारखी.
पण कंबर दुखली न्हाई. म्हणजे डिझाईन बरोबर. सोमवारी पहाटे निघायचं.

२० जानेवारी, सोमवार, दुपारी
गुलबर्गा. हुमनाबादपर्यंत झकास. इथं बाजार समितीजवळ गाड्या लाईनीत लावणाऱ्या शिट्टीवाल्यानं पडद्याआडची पोती पाहिली आणि गाडी तुरीच्या लाईनीत घातली. मी म्हटलं, भाऊ, ही आमची झोपायची खोली आहे. तो म्हणाला, अप्पा, सगळेच काहीतरी सांगतात. पुढं ट्रक, मागं ट्रक. मागं घ्यायला वीतभर जागा न्हाई.
तासभर वाट पाहून सोजराबाई उतरली. विजयश्रीला फोन केला, तिनं तिकडूनच दोन तिकिटं काढली. मी म्हटलं, गाडी कुणाच्या भरवशावर सोडू? सोजराबाई म्हणाली, मग बंगला राखत बसा. रिक्षात चढताना भाकरीचा डबा मात्र माझ्या हातात देऊन गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सोजराबाईचा फोन आला. खालचा बर्थ मिळालाय, पाय पसरून पडलीय. हिसका म्हणून न्हाई. माझ्या जागेवर पिशवी ठेवलीय. रेल्वेचे पाटे कुणी बसवले, चौकशी करावी.
लाईन दोन ट्रकांनी सरकली. एका आडत्यानं खिडकीतून तूर चोळून पाहिली, वर विचारलं, तुरीला पडदा कामून? मी म्हटलं, उन्हानं रंग उतरतो. त्याला पटलं.
बावीसला मी पोचत न्हाई, हे आता लिहून टाकतो.
सोजरा, ही वही तू वाचणार न्हाईस, तरी सांगतो. मंजुश्रीला माझ्या वाटचा एक पापा दे. रेल्वेचं तू म्हणाली होतीस ते ठीकच होतं, पण हे तिला मोठी झाल्यावर सांगू नको. समुद्र केवढा आहे, कंबर कशी आहे, विजयश्रीकडून चार ओळी लिहून घे आणि लवकर पाठव. मी इथंच आहे.