ऑलिव्हखालच्या दोन कबरी

सेंत-एतिएन, ता. १० जुलै १९८४

ति. दहबियाताईस,
धाकट्या मोकरानचा सलाम आणि सा. न. वि. वि.

तुझी अंजिरांची पिशवी पोचली. अर्धी अंजिरं मी कारखान्यात वाटली आणि अर्धी तुझ्या भावजयीने, झोहराने, माझ्यापासून लपवून ठेवली. माझं पोट सुटलंय हे तुला कोणी कळवलं ते माहीत आहे. घरभेदी शोधायला मला लांब जावं लागत नाही.

आता मुख्य बातमी. बाबांबरोबर लढलेल्या, शहीद समितीच्या बूसादचाचांचं पत्र आलंय. येत्या एक नोव्हेंबरला, स्वातंत्र्याच्या क्रांतीच्या तिसाव्या वर्धापनदिनी, जिल्ह्यातल्या सगळ्या शहिदांच्या अस्थी चौकातल्या नव्या कब्रस्तानात न्यायच्या आहेत. पहिलं नाव आपल्या बाबांचं! वरती झेंडा, बँड, संगमरवरी दगड. पत्र वाचून मी लहान मुलासारखा रडलो. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. पण इथे गोऱ्या फोरमनने मला कुत्र्यासारखं वागवलं त्या प्रत्येक दिवशी मी मनात म्हटलंय की बच्चमजी, तुमच्या फौजेला खिंडीत रोखून धरणाऱ्या अरेझ्कीचा मी मुलगा आहे. त्याच्यावर मी दहा वर्षं काढली.

रिवाजाप्रमाणे कबर घरातल्या वडीलधाऱ्यानेच दाखवायची असते. आई, आपली यम्मा, गेली, तेव्हा तो मान आता तुझा. शेतातल्या दोन कबरींपैकी बाबांची कोणती आणि आजोबांची कोणती हे माझ्या कधी ध्यानातच राहिलं नाही. मी ऑक्टोबरअखेर येतो. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
मोकरान

आइत सलेम, ता. २९ जुलै १९८४

चि. मोकरान यास,
अनेक आशीर्वाद. इथे सर्व ठीक, तिकडचं कळवत जा.

उन्हाने जीव नकोसा झालाय. शाळेला सुट्टी आहे. बाबांच्या नावाची पाटी यंदा पुन्हा रंगवली. रंगाऱ्याने त्यांच्या नावातलं एक अक्षर गाळलं आणि मला शिडीवर चढून ते दाखवावं लागलं. सगळं गाव खाली उभं राहून हसत होतं.

अस्थींचं म्हणशील तर मला ते पसंत नाही. पंचवीस वर्षं मातीत शांत पडलेल्या माणसाला का हलवायचं? यम्माला आवडलं नसतं. बँडची तर तिला शिसारी होती. चौकात नुसता दगड बसवा, वाटल्यास झेंडा लावा, कबर राहू दे असं मी बूसादचाचांना सांगून पाहिलं. ते हसले आणि दुसरी कॉफी मागवली. तू त्यांना लिही, तुझं ऐकतील. झोहराला माझा सलाम. पोट कमी कर.

तुझी ताई,
दहबिया

सेंत-एतिएन, ता. १५ ऑगस्ट १९८४

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. बूसादचाचांनी मला वेगळं लिहिलंय. समितीची माणसं तीनदा दारी आली आणि तिन्ही वेळा तू दुखण्याचं निमित्त सांगितलंस म्हणे. गावात कुजबूज सुरू झालीय की अरेझ्कीच्या मुलीला बापाची कबर दाखवायला लाज का वाटते. ताई, तुला मनवायला मी आता कोणाची मध्यस्थी आणू? तू त्यांच्या नावाच्या शाळेत शिकवतेस आणि त्यांच्याच सन्मानाच्या आड येतेस. काय असेल ते सरळ लिही. नाही लिहिलंस तर मी येऊन स्वतः कुदळ मारीन. रागावून लिहिलंय, तरी माया कमी झाली असं समजू नकोस.

मोकरान

आइत सलेम, ता. २ सप्टेंबर १९८४

चि. मोकरान यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटा असताना वाच आणि वाचून जाळ.

शहिदाला आंघोळ घालत नाहीत हे तुला ठाऊक आहे. तो पडला त्याच कपड्यांत, रक्तासकट, बुटांसकट मातीत जातो. घरात मेलेल्याला आंघोळ घालून पांढऱ्या कफनात गुंडाळतात. बाबांना आंघोळ घातली होती, मोकरान. यम्माने घातली आणि पाणी मी ओतलं. मी अकरा वर्षांची होते. तो पट्टा, ते बूट, तो कोट आम्ही चुलीत घातला. कबर उघडली तर त्यात एक बटणसुद्धा सापडणार नाही, आणि हाडं उचलणाऱ्या म्हाताऱ्यांना लगेच कळेल की हा माणूस अंथरुणात मेला.

ते खिंडीत पडले नाहीत. ती लढाई झाली तेव्हा ते नऊ दिवस आपल्या अंजिराच्या कोठीत तापाने फणफणत होते. डोंगरावरून ते स्वतःहून उतरले होते. त्याचं कारणही सांगते. पोस्टमन बेलाईद रोज सैनिकांच्या बराकीत जायचा. त्यांचं टपाल द्यायला जायचा, दुसरं काय! पण तेवढ्यावरून तो फितूर ठरला आणि बाबांनी हुकूम दिला. बूसादचाचांनी तो पार पाडला आणि प्रेत आपल्या शेताच्या कडेला टाकून गेले. त्यानंतरही धाडी पडतच राहिल्या. फितूर कोळसेवाला निघाला. बाबांना ते कळलं त्या दिवसापासून ते जेवलेच नाहीत असं यम्मा सांगायची.

फितुराला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बेलाईदला यम्माने एकटीने ऑलिव्हखाली पुरलं, होता तसा, पोस्टाच्या गणवेशात. तुला आजोबांची म्हणून सांगितलेली कबर ती. मला त्याच्या शेजारी ठेवा एवढंच बाबा शेवटी बोलले. खिंडीतल्या मरणाची गोष्ट बूसादचाचांनी रचली. गावाला तेव्हा एक शूर माणूस हवा होता आणि यम्माला दोन पोरं वाढवायची होती.

बेलाईदच्या फरूजाला तू ओळखतोस. माझ्याच वयाची. फितुराची मुलगी म्हणून तिला कोणी लग्नाचं विचारलं नाही. ती ऑलिव्ह वेचायच्या निमित्ताने येते आणि बापाच्या कबरीपाशी बसते. यम्माने तिला जागा दाखवली होती, पण हुकूम कोणाचा होता ते सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मला स्वतःची लाज वाटते.

तुझी ताई,
दहबिया

सेंत-एतिएन, ता. २० सप्टेंबर १९८४

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. तीन दिवस कामावर गेलो नाही. झोहराला सांगितलं पाठ धरलीय.

तुझ्यावर रागावू की यम्मावर, समजत नाही. तू मला आधी सांगायला हवं होतंस, किंवा कधीच सांगायला नको होतंस. माझ्याजवळ दुसरं काही नाही, ताई. घर नाही, शिक्षण नाही, इथे नीट नावसुद्धा नाही, मला सगळे मोमो म्हणतात. फक्त बाबा होते. आता तारीख ठरली, पत्रिका छापल्या, माघार घेतली तर लोक खोदून खोदून विचारतील. तुला करायचं ते कर, पण चार लोकांत मला उघडं पाडू नकोस. पाया पडतो. यापुढे मी या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही.

मोकरान

सेंत-एतिएन, ता. १२ नोव्हेंबर १९८४

ति. ताईस,
शतशः सलाम आणि सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. त्या गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी विमान, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तू काठी टेकवून जागा दाखवलीस तेव्हा मनात आलं, आता काय निघतं आणि काय नाही! आणि मग कुदळवाल्याच्या हाती आधी बूट लागले. मग पट्ट्याचं बक्कल, मग एकेक करून सहा बटणं, हिरवी पडलेली. म्हातारे मोठ्याने कलमा म्हणू लागले. मला ओरडावंसं वाटलं. ताई, तुझी आठवण चुकली होती! तू अकरा वर्षांची होतीस, घाबरलेली होतीस. त्या थंडीत गावात किती माणसं गेली, तू दुसऱ्याच कोणाला तरी पाणी ओतलं असशील. मला तुझा राग नाही. उलट हसू येतं की माझ्या पंतोजीण बहिणीची इतकी मोठी चूक झाली.

मी त्यांच्या कवटीचं चुंबन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना हात लावला. बटणं समितीने काचेच्या पेटीत शाळेत ठेवायची ठरवलीत, ती रोज तुझ्या नजरेसमोर राहतील. आता मी सुखाने मरेन. पत्र पाठव, मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझाच,
मोकरान

आइत सलेम, ता. ९ डिसेंबर १९८४

चि. मोकरान यास अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे तुझं पत्र उशाखाली ठेवलं. तुझं सुख मोडायचं नव्हतं, पण आता गप्प राहणं जमत नाही.

माझी आठवण चुकली नव्हती. मी बेलाईदची कबर दाखवली. तू ज्याच्या कपाळाला ओठ लावलेस तो पोस्टमन. बटणं पोस्टाच्या कोटाची आहेत, जरा घासली तर डाकखात्याचा शिक्का दिसेल. बाबा ऑलिव्हखालीच आहेत. तुझी लाज राखायची होती हे खरं. पण बेलाईदला एकदा तरी झेंडा मिळेल, मानाने खांद्यावरून जाईल, असंही मला वाटलं होतं. यातलं जास्त खरं कोणतं हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात फरूजा शेतात आली. जमीन उकरलेली पाहून तिने टोपली खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं, हुकूम बाबांचा होता तेसुद्धा. वाटलं रडेल, मला मारेल, किंवा निदान बाप चौकात मानाने निजला म्हणून तिला बरं वाटेल. ती एवढंच म्हणाली की तुझ्या बापाने माझ्या बापाचा जीव घेतला, नाव घेतलं, माती तेवढी राहिली होती ती तू घेतलीस. मग ऑलिव्हची टोपली उचलून चालू लागली. मोकरान, ती खरं बोलली.

मी तडक बूसादचाचांकडे गेले. म्हटलं, चूक मी केली, चारचौघांत मीच सांगते, दगड बदला. त्यांनी शांतपणे विचारलं की साखर किती घालू. मग म्हणाले की तो पट्टा मी त्याच दिवशी ओळखला होता, बेलाईदचे हात मी त्याच पट्ट्याने बांधले होते, मुली. हाडं ती हाडंच, देशाला दगड पुरतो. उद्या तू बोललीस तर शाळेची पाटी उतरेल, तुझी नोकरी जाईल, भाऊ तोंड दाखवू शकणार नाही, आणि बेलाईद तरी पुन्हा कुठल्या खड्ड्यात जाईल कोण जाणे. असं म्हणून त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. मी घरी आले. कोणाला काही बोलले नाही. मी भ्याले, मोकरान.

फरूजा आता दर शुक्रवारी चौकात जाते. आपल्या बाबांचं नाव कोरलेल्या दगडापुढे डोकं खाली घालून बसते आणि बापासाठी प्रार्थना करते. येणारेजाणारे थांबतात, एकमेकांना दाखवतात आणि म्हणतात की पाहा, फितुराची मुलगी शहिदाची माफी मागायला आली.

याउपर तुला मला बहीण म्हणावंसं वाटलं तर दोन ओळी लिही.

दहबिया