आपल्या गिरणीतलं पीठ

दादा, जय भीम.

आपल्या गिरणीत पीठ बाटते म्हणून गावात दंगा पेटला, अन् गिरणी एका दुपारी जळाली. पण त्यात तुया पोराची, प्रसेनजितची शाळा सुटली, तुमी सुरतेले गेले, अन् आता त्याची पोरगी बी तुमच्यासंगं साड्यांचे धागे कापून राह्यली. आग अजून इझली नाही, दादा.

म्हणून म्या शेलूबाजारातून जुनी गिरणी आणून त्या जळाल्या जागीच बसवली. काल आग लावणाऱ्याचीच माय ज्वारी घेऊन आली. म्या मुद्दाम आपली ज्वारी पहिले दळली. आधीच्याचं पीठ गिरणीत थोडं राह्यतेच, ते तिच्या डब्यात पडलं. तिनं पाह्यलं, अन् डबा उचलून घरी नेला.

हे पत्र टाकत नाही. तू नाही म्हणशील, अन् मले ते आयकाचं नाही. प्रसेनजितच्या पोरीले इथं शाळेत घालाचं हाय. तिले न्याले मीच येऊन राह्यली.

गावातच राह्यलेली तुयी बहीण,
लीला